फेब्रुवारीचं बिल

मास्तरांच्या घरात फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात लांब महिना असायचा. कंधार तालुक्यात आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, त्या काळातली ही गोष्ट. मार्चचा पगार एप्रिलमध्ये हाती येतो, म्हणून टॅक्सचा हिशेब मार्च ते फेब्रुवारी असा धरला जाई आणि जो काही कर निघेल तो बहुतेक सगळा फेब्रुवारीच्या पगारबिलातून कापला जाई. बचतीच्या पावत्या मुख्याध्यापकांकडे पोचल्या नाहीत तर एकट्याचंच नाही, सगळ्या शाळेचं बिल पंचायत समितीत अडकायचं. त्यामुळे जानेवारी संपत आला की मास्तरमंडळी एकमेकांना 'किती झाले हो तुमचे?' असं विचारू लागत. प्रश्न मार्कांचा नसे, राष्ट्रीय बचत पत्रांचा असे.

पाचव्या वेतन आयोगाआधी शाळामास्तरांना टॅक्सची धास्ती फारशी नव्हती. १९९६ पासूनची वेतनवाढ लागू झाली, थकबाकी आली आणि करमाफीची मर्यादा १९९८ च्या अर्थसंकल्पात ५० हजारांवर नेऊनही पुष्कळ गुरुजी जाळ्यात सापडले. तेव्हा कलम ८८ होतं. विमा, फंड, पीपीएफ, बचत पत्र मिळून ६० हजारांपर्यंतच्या बचतीवर २० टक्के थेट करातून वजा. दहा हजारांची पत्रं घेतली की दोन हजार वाचले, हा हिशेब चौथीच्या पोरालाही जमायचा आणि आम्हाला तो घालूनही दिला जायचा. अल्पबचतीच्या एजंटबाई पिशवीत फॉर्म घेऊन शाळेत यायच्या, मधल्या सुट्टीत सह्या व्हायच्या. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या नोकरदारांना बचतीची सवय सुभाषितांनी लावली नाही, या फेब्रुवारीच्या धाकानं लावली. कितीतरी मुलींची लग्नं आणि नांदेडातले कितीतरी प्लॉट त्या पत्रांवर झाले.

गंमत अशी की पगारबिल फेब्रुवारीत गेलं आणि पैसे हातात आले मार्चमध्ये, तर त्या मार्चच्या बचतीचा फायदा बिलात मिळायचा नाही. कर कापून गेलेला. मग विवरणपत्र भरा आणि परताव्याची वाट बघा. १९९८ साली 'सरल' नावाचा एका पानाचा फॉर्म निघाला होता. पान एकच, पण त्याच्या मागं फॉर्म १६, पावत्यांच्या झेरॉक्स आणि कुणाकडून तरी साक्षांकित केलेलं काहीबाही. तो नांदेडच्या आयकर कार्यालयात नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच हरवली तर अर्ज केलाच नव्हता असं समजायचं.

लातूरला गंजगोलाईत मामांचं दुकान. त्यांना ना फंड ना पेन्शन. १९९६ साली खासगी निवृत्तिवेतनाच्या हप्त्यासाठी ८० सीसीसी हे कलम आलं, दहा हजारांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा, आणि एलआयसीनं 'जीवन सुरक्षा' काढली. 'आता व्यापाऱ्यालाबी पेन्शन' म्हणून मामांनी ती घेतली. पण आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला आणि मामा पॉलिसीचे पैसे भरणार आडतीची वसुली झाल्यावर, म्हणजे ३१ मार्चच्या आसपास. म्हणजे दरवर्षी थोडा कर जास्तच भरलेला आणि दरवर्षी तो परत मागायचा. 'आपलेच पैशे, आपुनच मागायचे, अन् वरून हात जोडायचे,' असं ते म्हणायचे.

परतावा म्हणजे रिफंड व्हाउचर. कधी रजिस्टर टपालानं येई, कधी साहेबांच्या टेबलावरून जाऊन आणावं लागे. वर्ष उलटणं काही विशेष नव्हतं, दोनही उलटायची. व्हाउचर आलं तरी नावाच्या स्पेलिंगमध्ये खोट निघायची, नाहीतर त्याची मुदत संपलेली असायची, की पुन्हा परत. ते वटवायला हैदराबाद बँकेत जायचं. स्टेट बँक ऑफ हैदराबाद हे पूर्ण नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. निजामाच्या काळात, १९४१ साली निघालेली ही बँक मराठवाड्याची घरची बँक होती. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली.

आता त्या दिवसांचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. 'तेव्हा निदान माणूस तरी भेटायचा,' म्हणतात. भेटायचा, खरं आहे. पण तो 'साहेब दौऱ्यावर आहेत' असंही सांगायचा आणि चहापाण्याशिवाय फाइल खालून वर यायची नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांना ते जमत नसे, म्हणून त्यांचा परतावा मामांच्या नंतर यायचा. एवढंच त्यातलं माणूसपण.

पुढं सगळं बंगळुरूला गेलं. तिथं केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र झालं, मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच येऊ लागला. ज्याचा हिशेब सरळ आहे त्याचे पैसे आता पंधरा-वीस दिवसांत, कधी त्याहून लवकर जमा होतात. मामांना पहिल्यांदा मोबाइलवर मेसेज आला तेव्हा फसवणूक समजून त्यांनी तो पुसून टाकला होता.

मग उशीर संपला का? नाही, त्यानं फक्त जागा बदलली. मामेभाऊ लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला. म्हणजे जुनी पेन्शन नाही, डीसीपीएस ही अंशदायी पेन्शन. पगारातून दरमहा १० टक्के कापले जायचे, तेवढेच सरकारनं टाकायचे. कपात महिन्याच्या महिन्याला, खात्यावर जमा मात्र केव्हातरी. जमा रकमेच्या आर-३ विवरणासाठी मास्तर वर्षानुवर्षं गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिले. पुढं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आली, तिचे प्राण खाते नंबर मिळाले, मागची रक्कम तिकडं वर्ग होतेय का याची आणखी वाट. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला, त्यामागं पेन्शनच्या रकमेइतकीच ही वर्षानुवर्षांची वाटही होती, असं मला वाटतं.

कराचंही तसंच. पगारातून टीडीएस कापला जातो, पण कार्यालयानं तिमाही विवरण वेळेत भरलं नाही तर २६ एएस या जमा कराच्या उताऱ्यात त्याचा पत्ताच नसतो. बंगळुरूचं यंत्र म्हणतं, कर भरलेलाच नाही, परतावा कसला मागता? पूर्वी परतावा आयकरवाल्यांकडे अडायचा. आता तो आपल्याच कचेरीत, आपल्याच ओळखीच्या बाबूकडे अडतो आणि दोष आयकराच्या पोर्टलला दिला जातो. तसं पोर्टलही धुतल्या तांदळाचं नाही. ७ जून २०२१ ला नवं पोर्टल सुरू झालं तेव्हा पहिले काही महिने लॉगिन होणं हीच बातमी होती.

सगळ्यात मोठा उशीर मात्र कायद्यानंच केला. महाराष्ट्रानं १ एप्रिल २०१९ पासून एनपीएसमधला सरकारचा वाटा १४ टक्के केला. ही रक्कम आधी कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरतात, मग वजा करतात. पण ८० सीसीडी (२) खाली राज्य कर्मचाऱ्यांना वजावट तेव्हा १० टक्क्यांचीच होती. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १४, यांना १०. हाती न आलेल्या, निवृत्तीनंतर मिळणार असलेल्या चार टक्क्यांवर आजच कर. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ही चूक दुरुस्त झाली, तीही पूर्वलक्षी, १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे २०१९-२० च्या उत्पन्नापासून. वाचायला छान. पण पहिल्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र भरायची मुदत मे २०२१ मध्येच संपली होती. ज्यांचा सीए जागा होता त्यांनी दुरुस्तीचे अर्ज टाकले. बाकीच्यांना असं काही मागता येतं हेच कळलं नाही.

जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्यांवर देशभरात दीडशे ठिकाणी तपास केला. 'तुम्हाला टॅक्स बसूच देत नाही' म्हणणारे दलाल आपल्याकडे काय कमी आहेत? त्यांच्यामुळे चाळणी बारीक होते आणि खऱ्या पावतीवाल्याचा अर्जही तिच्यात अडकतो.

आणि आता तर पावत्यांचंच कारण उरलं नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू झाली. तिच्यात बचतीच्या वजावटीचं ८० सी नाही, स्वतः भरलेल्या एनपीएसची ५० हजारांची जादा वजावट नाही, एनपीएसपैकी फक्त सरकारच्या वाट्याची सवलत शिल्लक. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ८० सीचा आकडाही १२३ झाला. मामेभावाच्या शाळेतल्या पंचविशीतल्या सरांना त्यानं विचारलं, बचत किती दाखवणार? ते म्हणाले, 'दाखवायची कशाला सर, नव्या रिजीममध्ये कोण विचारतंय?' फेब्रुवारीचं बिल हल्ली वेळेवर जातं. अल्पबचतीच्या एजंटबाई मात्र अजून येतात, मुलींच्या सुकन्या खात्यांचे फॉर्म घेऊन, आणि भाऊ त्यांना बसवून घेतो. जुन्या प्रणालीत राहिलेला त्या शाळेत तो एकटाच आहे.