अविधवा नवमी आणि हिशेबाची वही

भाद्रपदाच्या वद्य पक्षातील नवमीला मराठी पंचांगात ‘अविधवा नवमी’ म्हणतात. पतीच्या हयातीत ज्या स्त्रीला मरण आले तिचे श्राद्ध, तिचा मृत्यू वर्षातील कोणत्याही तिथीला झालेला असला तरी, पितृपंधरवड्यातील या दिवशी करण्याची प्रथा आहे. त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात आणि ऐपतीप्रमाणे लुगडे-चोळी देतात. ‘अविधवा’ म्हणजे जिला वैधव्य आले नाही ती, आणि याच शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप म्हणजे ‘अहेव’. घरातील वडीलधाऱ्या बायका ‘अहेवपणी गेली’ असे म्हणतात तेव्हा त्या वाक्यात दुःखाइतकाच एक सुस्काराही असतो, कारण परंपरेच्या हिशेबाने तिने सुटका साधलेली असते. या विधीचा एक गुण मान्य केला पाहिजे : गेलेल्या बाईची आठवण तो दुसऱ्या एका जिवंत बाईच्या ताटात वाढतो, आणि त्यामुळे स्मरण आणि अन्नदान एकमेकांपासून तुटत नाहीत. पण त्यात जे आठवले जाते ते तिचे कुंकू असते. ती दिवसभर काय करीत होती, कोणाच्या दारात जात होती, तिच्या जाण्याने गावातले कोणते काम थांबले, हे विचारायला त्या विधीत जागाच नाही.

जी स्त्री संसार सांभाळून, किंवा संसाराची घडी वेगळ्या तऱ्हेने बसवून, आयुष्यभर लोकांच्या कामात राहिली, तिच्या बाबतीत ही उणीव फार जाणवते. तिच्या शोकसभेत बोलणारे तिला ‘सावली’, ‘खंबीर साथ’, ‘पडद्यामागची शक्ती’ असे शब्द वाहतात, आणि हे सगळे शब्द तिला दुसऱ्या कोणाच्या तरी मागे उभे करतात. यातील बराच गोंधळ ‘सेवा’ या शब्दातच आहे. मराठीत देवाची पूजा ही सेवा आहे, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा ही सेवा आहे, सरकारी नोकरी हीदेखील सेवाच आहे (म्हणून तर ‘सेवाज्येष्ठता’ आणि ‘सेवानिवृत्ती’), आणि मोबदला न घेता केलेले समाजाचे काम हीही सेवा. एकाच शब्दात इतके अर्थ नांदत असल्यामुळे, बाईने वस्तीत जाऊन केलेले काम हे तिच्या घरच्या सेवाभावाचेच लांबलेले टोक आहे, असा समज सहज होतो. मग त्या कामाला लागलेले कौशल्य, घेतलेले निर्णय, सोसलेले पराभव मोजले जात नाहीत. उरते ती केवळ तिची ‘सोशिक वृत्ती’. ‘स्वयंसेवा’ हा शब्द त्या मानाने अधिक नेमका आहे, कारण त्यातील ‘स्वयं’ हे पद कर्तीकडे बोट दाखवते : हे काम कोणी तिच्यावर सोपवलेले नव्हते, ते तिने निवडले होते.

मराठी वाङ्मयात सहजीवनाच्या आठवणींची परंपरा समृद्ध आहे, पण ती बहुतांशी एका दिशेने वाहते. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३० नंतरच्या दशकात आली. आनंदीबाई तथा बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे, आणि सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० चे. ही पुस्तके मराठीचे धन आहेत, आणि ती लिहिणाऱ्या स्त्रियांनी नवऱ्याबद्दल लिहितानाच स्वतःलाही शोधले, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. तरीही रमाबाईंच्या पुस्तकाकडे पाहताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले आणि आठवणी तेथे संपतात. १९०९ मध्ये पुण्यात उभे राहिलेले सेवासदन, तेथून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका, १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंतची रमाबाईंची धडपड, म्हणजे ज्या कामामुळे त्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जाव्यात ते जवळजवळ सगळे काम, त्या पुस्तकाबाहेर राहते. पतीची आठवण लिहिणारी पत्नी होती. तिची आठवण त्याच तन्मयतेने लिहिणारा पती मागे राहिला नव्हता. आणि जेथे पती मागे राहिला तेथे तो बहुधा गप्प राहिला. पुरुषाने बायकोसाठी उघडपणे शोक करावा, तिच्याकडून आपण काय शिकलो ते सांगावे, याला मराठी मध्यमवर्गात फारशी मुभा नव्हती.

या गप्प राहण्याला ज्यांनी छेद दिला त्यांत लेखक अनिल अवचट यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांची पत्नी सार्वजनिक नोंदींत डॉ. अनिता अवचट आहे आणि त्यांच्या लेखनात सुनंदा. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातील रुग्णांसाठी मात्र ती ‘मॅडम’ होती, आणि पुढे मुलगी मुक्ता हिने काम हाती घेतल्यावर ‘मोठ्या मॅडम’. दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. अवचटांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडून लेखन आणि सामाजिक प्रश्नांचा शोध पत्करला, आणि सुनंदाने येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नोकरी करून घर चालवले. मुलींचे संगोपन आणि स्वयंपाकघर यांतला मोठा वाटा अवचटांनी उचलला. ही मांडणी त्या काळात विलक्षण होती आणि आजही सर्रास आढळत नाही. तिच्याकडे ‘पत्नीचा त्याग’ म्हणून पाहण्याची घाई होते, पण तो दोघांनी विचार करून केलेला करार होता असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. पुढे पतीच्या लेखणीला सुनंदाच्या कामाचे मोल कळले, त्याचे मूळही बहुधा या करारातच असावे. ज्या पुरुषाने स्वतः कणीक मळली आहे, मुलींच्या वेण्या घातल्या आहेत, त्याला कोणत्याही कामाच्या आड दडलेले श्रम दिसू लागतात.

मुक्तांगणचा जन्म एका लेखमालेतून झाला. १९८० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबई-पुण्यात ‘ब्राऊन शुगर’ पसरली. ही हेरॉइनची भेसळयुक्त, स्वस्त जात; रस्त्यावर तिला ‘गर्द’ म्हणत, आणि ती ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. चांदीच्या कागदावर पूड ठेवून खालून काडी धरायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा, एवढाच तो प्रकार, पण थोड्याच दिवसांत शरीर त्याच्याशी असे बांधले जाते की वेळेवर पूड मिळाली नाही तर अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. या अवस्थेला गर्दुल्ल्यांच्या भाषेत ‘टर्की’ म्हणतात. अवचटांनी या मुलांविषयी लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी या मुलांवरील उपचारांसाठी आपल्या प्रतिष्ठानाकडून पैसे देऊ केले. पैसे आणि कळकळ दोन्ही होते. प्रश्न होता तो हे करणार कोण, कसे करणार, आणि रोज कोण करणार. सुनंदाने ती जबाबदारी घेतली, आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झाले. सामाजिक कामांच्या इतिहासात प्रेरणा देणाऱ्यांची आणि देणगीदारांची नोंद चोख होते. ‘रोज कोण करणार’ या प्रश्नाला ज्याने किंवा जिने ‘मी’ असे उत्तर दिले त्याची नोंद होत नाही. अवचटांनी ती केली.

‘मी’ हे उत्तर सोपे नव्हते. व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, हे वाक्य आज भिंतीवर रंगवलेले दिसते. त्या काळी गर्दुल्ला म्हणजे चोर, आणि त्याला पोलिसांच्या किंवा कोंडून ठेवणाऱ्यांच्या हवाली करावे, हाच सार्वत्रिक समज होता. टर्कीचे दिवस औषधांनी निभावून नेता येतात, खरा आजार त्यानंतर सुरू होतो, कारण शरीर मोकळे झाले तरी मन आणि दिनक्रम मोकळे झालेले नसतात. म्हणून उपचारात औषधापेक्षा वेळापत्रक, गटात बोलणे, स्वतःची कामे स्वतः करणे आणि घरी गेल्यावर ठराविक दिवशी पुन्हा येऊन भेटणे यांना अधिक वजन आले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या स्वमदत चळवळीचे ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्र येथे उपयोगी पडले. या व्यवस्थेतील सर्वांत धाडसी भाग असा, की जो स्वतः व्यसनातून बाहेर आला आहे त्यालाच नव्या रुग्णाचा समुपदेशक करायचे. ज्याच्या हातात घरचे लोक दोन रुपये देत नव्हते त्याच्या हातात दुसऱ्याचे आयुष्य द्यायला मानसशास्त्राच्या पदवीपलीकडचे काहीतरी लागते. तो मुलगा पुन्हा घसरू शकतो हे पुरते ठाऊक असून विश्वास टाकायचा, आणि घसरलाच तर पुन्हा दार उघडायचे, हे भाबडेपणाने होत नाही. हा एका निष्णात डॉक्टरचा, जोखीम मोजून घेतलेला निर्णय असतो. ‘मायाळू’ या एका विशेषणात तो कोंबला की त्या डॉक्टरवर अन्याय होतो.

मुक्तांगणात व्यसनी पुरुषांच्या बायकांचा जो गट चालतो त्याचे नाव ‘सहचरी’ आहे. ज्या शब्दाने पत्नीला नवऱ्याबरोबर चालणारी ठरवले, तोच शब्द येथे बायकांनी एकमेकींबरोबर बसण्यासाठी वापरला जातो. दारुड्याची बायको स्वतःही आजारी असते, ती स्वतःला अपराधी समजत असते, लपवत असते, नवऱ्याच्या वतीने कामावर खोटे निरोप धाडत असते, आणि तिलाही बोलण्याची, रडण्याची, राग काढण्याची जागा लागते, ही जाण व्यसनाच्या उपचारात फार महत्त्वाची आहे.

सुनंदा १९९७ मध्ये कर्करोगाने गेली. अवचटांनी त्यानंतर तिच्याविषयी पुन्हा पुन्हा लिहिले. मुक्तांगणच्या कहाणीत ती आहेच, आणि ‘सुनंदाला आठवताना’ या नावाचे पुस्तकही आहे. एखाद्याला वाटेल की इतक्या वर्षांनंतरही तेच दुःख उगाळावे कशाला. पण या लेखनाचे मोल दुःखापेक्षा नोंदीत आहे. त्यात सुनंदा देवी झालेली नाही. ती काम करणारी, चुका करणारी, चिडणारी, हसणारी, पेशंटांच्या गराड्यात बसलेली बाई राहिली आहे. स्वतः अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. आज दोघांपैकी कोणीही नाही, तरी येरवड्यात मुक्तांगण चालू आहे, आणि मॅडमना कधीही न पाहिलेले रुग्ण त्यांच्याविषयी असे बोलतात की जणू त्या शेजारच्या खोलीत आहेत.

येरवड्यापासून जवळच आगाखान पॅलेसच्या आवारात गांधीजींच्या पत्नी कस्तुरबांची समाधी आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तेथे नजरकैदेत असताना गेल्या, आणि त्यांच्या नावाने देशभर जमलेला निधी खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच वापरला जावा, असा गांधीजींचा आग्रह राहिला. साठाहून अधिक वर्षांच्या संसारानंतर एका पतीने पत्नीच्या स्मारकाला घातलेली ही अट नीट पाहण्याजोगी आहे : पैसा शहरातील इमारतीकडे वळू नये आणि ती ज्यांची होती त्यांच्यापर्यंत जावा. मात्र निधीमुळे काम पुढे चालते, माणूस कळतोच असे नाही. कस्तुरबांचे मन समजून घ्यायला आजही वाचकाला चाचपडावे लागते.

कस्तुरबा आणि सुनंदा ही मोठी नावे झाली. पण अशी बाई महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत होऊन गेली आहे. बालवाडीसाठी वर्गणी गोळा करणारी, बचत गटाच्या बैठकीला वेळेवर पोचणारी, रुग्णालयात एकट्या पडलेल्या माणसाजवळ रात्र काढणारी, शेजारणीच्या अंगावरचे वळ पाहून तिला पोलीस चौकीपर्यंत सोबत करणारी. ती गेल्यावर दहाव्या दिवसापर्यंत घरात अनोळखी माणसे येत राहतात. कोणी भाजीवाली असते, कोणी रिक्षावाला, कोणी शिकून नोकरीला लागलेली मुलगी. ही माणसे दाराशी उभी राहून ‘बाईंनी आमचं केलं’ एवढेच सांगतात आणि निघून जातात. चाळीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या नवऱ्याला त्या दहा दिवसांत बायकोचे एक संपूर्ण आयुष्य नव्याने भेटते. दुपारी ती कुठे जात होती हे त्याला ठाऊक असते, तेथे ती कोण होती हे ठाऊक नसते. या शोकात थोडी शरमही मिसळलेली असते, आणि ती असणे चांगले आहे, कारण विचारण्याची इच्छा तिच्यातूनच जागी होते.

विचारायचे कोणाला, तर आधी तिच्या वस्तूंना. अशा बाईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली किंवा देवघराच्या फडताळात, एक वही असते. तीत वर्गणीचे आकडे, पावती पुस्तकांचे क्रमांक, रक्त देऊ शकणाऱ्यांचे रक्तगट, कोणत्या मुलीची फी भरायची राहिली, कोणाला चष्मा हवा, कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, असे सगळे आखीव-रेखीव नसलेल्या अक्षरात उतरलेले असते. घर आवरताना ही वही रद्दीत जाते, कारण तीत पैसे नसतात, कागदपत्रे नसतात, आणि ‘आता तिचा काय उपयोग’ असा प्रश्न घरातील तरुण माणसे निरागसपणे विचारतात. तिच्या कामाचा एवढाच लेखी पुरावा असतो.

म्हणून ज्यांच्या घरातून अशी पत्नी, अशी आई, अशी सून गेली असेल त्यांनी नवमीला सवाष्ण अवश्य जेवू घालावी, पण त्याआधी ती वही रद्दीतून बाहेर काढावी, तीतील नावांपैकी जेवढी माणसे हयात असतील तेवढ्यांकडे जाऊन बसावे, ती जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवावे, आणि वहीच्या शेवटच्या पानावर ज्या मुलीची फी भरायची राहिलेली दिसते ती भरावी.