नळी केवढी असावी ?

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या अमेरिकेंतून खर्ड्यास आला होता. आमच्या थोरल्या चुलतबंधूंचा हा मुलगा तिकडे मोंटाना राज्यांत नोकरीस आहे. फराळाची ताटें पुढें असतां त्यानें आम्हांस विचारलें, "काका, मी शिकारीची रायफल कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतों आहें. नळी २० इंच ठेवूं, २२, कीं २६, असें तो विचारतो. तुम्ही काय म्हणतां ?"

ज्या घरांत चातुर्मासांत कांद्यालाहि मज्जाव, त्या घरांत हा प्रश्न ! वहिनींच्या हातची चकली हातांतच राहिली. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, कांहीं न बोलतां उठून ओसरीवर गेले.

आम्हांस बंदुकींतलें काय कळणार, असें वाचक म्हणतील. परंतु आमचा जन्म शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविण्यांत गेला. खर्ड्याची लढाई सुरू झाली कीं गुरुजींना तासाची घंटा ऐकूं येत नाहीं, असा आमचा लौकिक होता. त्यावरून बंदुकीचेंहि ज्ञान आमच्यापाशीं असावें, असा पुतण्याचा समज झाला असावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्याला निंबाळकरांच्या भुईकोटांत घेऊन गेलों. मार्च १७९५ मध्यें मराठ्यांपुढें हार खाऊन निजामअलीनें याच किल्ल्याचा आसरा घेतला आणि अखेर त्याला तह मान्य करावा लागला. त्या लढाईंत दोन्हीकडे फ्रेंच सरदारांनीं तयार केलेल्या कवाइती पलटणी होत्या. निजामाकडे रेमंडच्या, आणि शिंद्यांकडे पेरॉनच्या. त्या काळच्या फ्रेंच बंदुकीची नळी सुमारें ४५ इंच असे, इंग्रजांची ३९ ते ४२ इंच.

"एवढी लांब कशाला ?" पुतण्यानें विचारलें.

"दोन कारणांसाठीं. काळ्या दारूचा जोर गोळीला पुरता लागण्यास लांब नळी उपयोगी पडे. शिवाय मागच्या रांगेला पुढच्या रांगेच्या खांद्यावरून बार काढतां यावा, आणि संगीन लावली म्हणजे घोडेस्वाराला दूर रोखतां यावें. पुढें १८८४ सालीं फ्रान्समध्यें बिनधुराची दारू निघाली आणि हा हिशेबच पालटला. इंग्रज सैन्यांत पायदळाची नळी ३० इंच व घोडदळाची २१ इंच होती. बोअर युद्धानंतर, १९०४ च्या सुमारास, त्यांनीं दोघांसाठीं सव्वापंचवीस इंचांची एकच नळी पसंत केली."

"पण लांब नळी म्हणजे वेग अधिक, हें तर खरें ना ?"

खडूची संवय सुटत नाहीं. आम्ही काडीनें मातींतच गणित मांडलें. त्याचें काडतूस तीनशेंआठ जातीचें. दीडशें ग्रेनची गोळी २४ इंचांच्या नळींतून सेकंदाला सुमारें २८०० फूट वेगानें सुटते. नळी एक इंच कमी केली तर साधारण २० ते २५ फूट वेग घटतो. म्हणजे २० इंचांच्या नळींत तोटा शंभर फुटांच्या आंतबाहेर. अठ्ठाविसांत एक भाग. दोनशें पावलांवरच्या हरणाला हा फरक कळणार नाहीं. मोठ्या मॅग्नम काडतुसांत मंद जळणारी दारू पुष्कळ असते, तेथें २४ ते २६ इंच हवेत. लांब नळीनें नेम आपोआप साधतो, हाहि भ्रमच. मागची खांच व पुढची माशी जुळवून नेम धरावयाचा असे, तेव्हां त्या दोहोंतील अंतराला मोल होतें. दुर्बीण बसविल्यावर तें उरत नाहीं. उलट सारख्याच जाडीची आंखूड नळी अधिक ताठ राहते. मात्र आंखूड नळीचा आवाज व भडका मोठा. आणि १६ इंचांच्या खालीं गेल्यास तिकडचा कायदा आड येतो.

"म्हणजे कारागिराला काय सांगूं ?" त्यानें विचारलें. आम्ही गप्प राहिलों. गणित संपलें होतें, पण उत्तर आलें नव्हतें.

तें उत्तर त्या रात्रीं ओसरीवर दादांनीं दिलें.

गोष्ट १९७१ सालची. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७२ चा कायदा तेव्हां झाला नव्हता. ज्वारीवर काळविटांचे कळप पडत, म्हणून आजोबांनीं परवान्याची ठासणीची बंदूक बाळगली होती. बहुधा ती हवेंतच उडवीत. दादा चौदा वर्षांचे, आम्ही अकरा. एके सकाळीं आजोबा देवपूजेस बसलेले पाहून दादांनीं ती भरलेली बंदूक उचलली. आम्ही मागें मागें गेलों. तिची नळी एवढी लांब, कीं बंदूक उभी केली तर आमच्या डोक्यावर जाई. बांधाआड बसून दादांनीं नेम धरला. कळप हलेना, आणि पुढें झुकणारा तो भार दादांच्या काटकुळ्या हातांना पेलेना. नळी कांपूं लागली, आणि चाप ओढतांना तिचें तोंड खालीं आलें. धूर विरला तेव्हां कळप पळाला होता. एक हरिणी मात्र मागचा पाय ओढीत ओढ्याकडे चालली होती.

ती सांपडली दुसऱ्या दिवशीं दुपारीं, जिवंत. जवळ कावळे बसले होते. आजोबांनीं तिची सुटका केली, घरीं येऊन स्नान केलें, आणि त्या दिवशीं अन्न घेतलें नाहीं. बंदूक त्यांनीं पोलिस ठाण्यांत जमा केली. दादांना ते रागें भरले नाहींत. "चूक डोळ्याची नव्हे, तोलाची," एवढेंच बोलले.

दादांनीं ही गोष्ट पोटच्या मुलाला कधीं सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हें बघ, दहा श्वास होईपर्यंत हात न थरथरतां धरतां येईल, तेवढीच नळी घे. एक इंचहि जास्त नको. आणि तिनें जेथवर तुझा नेम खात्रीनें बसतो, त्यापलीकडचें जनावर जाऊं दे."

मृगयेला मनूनें राजाच्या व्यसनांत गणलें आहे, आणि त्या मताचे आम्हीहि आहों. आपल्या देशांत शिकार बंद झाली हें उत्तम झालें. शेजारच्या कर्जत तालुक्यांत रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचें अभयारण्य आहे. येतांना वाटेंत पुतण्यानें तीं पाहिलीं. परंतु परदेशीं जेथें परवाना व हंगाम ठरवून शिकार करूं देतात, तेथें आमच्या घरच्या मुलानें बंदूक घ्यावयाचीच असेल, तर तिची लांबी कोणत्या मापानें ठरवावी ? वेगाचा तोटा अठ्ठाविसांत एक. डळमळत्या हाताचा तोटा मात्र त्या हरिणीचा एक दिवस व एक रात्र. दशरथानें न पाहतां बाण सोडला, त्याची शिक्षा त्याला मरेपर्यंत भोगावी लागली. दादांनाहि ती कांहीं कमी झालेली दिसली नाहीं.

यंदाच्या मार्गशीर्षांत पुतण्याचा फोन आला. रायफल तयार झाली. नळी २२ इंच. दुकानांत तीन लांबींच्या बंदुका त्यानें आळीपाळीनें खांद्याला लावून दहा दहा श्वास मोजले होते. हंगामांत एके संध्याकाळीं हरिण दिसलेंहि. पण अंतर लांब होतें, वारा होता, आणि सातव्या श्वासाला हात हलला. त्यानें नळी खालीं केली आणि तो परत आला.

दादा ऐकून घेत होते. त्यांनीं फोन वहिनींच्या हातीं दिला व डोळे पुशीत ते आंत गेले. वहिनी मात्र फोनवर म्हणाल्या, "बरें केलेंस बाबा. पण नुसतें पाहूनच परतायचें होतें, तर तेवढ्या पैशांत चांगली दुर्बीण आली असती !"