तापकीर गल्लीची वारी

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत शिरावे ते पायीच. दिवाळीच्या तोंडावर विजेच्या माळांनी दुकाने अशी झाकून जातात की, दुकानदार शोधावा लागतो! मी निघालो होतो नव्या स्पीकरसाठी. वडिलांची तक्रार होती, ‘तुझ्या त्या डब्यातले अब्दुल करीम खाँ मडक्यात तोंड घालून गातात.’ खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची झिंझोटी वडिलांनी तबकडीवर ऐकलेली.

दुकानदार अस्सल पुणेकर. माल दाखवण्याआधी उलटतपासणी!

‘गाणे मोबाइलवरून बिनतारीच जाते ना? ॲपमध्ये दर्जा कुठला ठेवलाय?’

पाहतो तो, डेटा वाचवण्याचा, सर्वांत खालचा!

‘सीडीत सेकंदाला १४ लाख बिट असतात. तुम्ही लाखाच्याही आत ऐकताय, वरचे बारीक सूर गळणारच. दर्जा वाढवा, तार जोडा, आणि स्पीकर कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात खर्ज फुगतो. एवढे करून नाही पटले, तर या.’

एक तार हाती देऊन त्याने मला वाटेला लावले. गिऱ्हाईक परत पाठवणे याच गावाला जमते.

रात्री स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला. खाँसाहेबांचा आवाज मोकळा झाला खरा. पण त्याच्यामागून जुन्या तबकडीची खरखरही आली. मी ओशाळलो.

वडील मात्र आरामखुर्चीत ताठ बसले होते. ‘हीच राहिली होती,’ ते म्हणाले. ‘तीन मिनिटांत तबकडी संपायची. मग तुझी आई आतून म्हणायची, पुन्हा लावा.’

मी पुन्हा लावली.