माझा डँपर आणि जीपची थरथर

ओतूरच्या एका स्नेह्यांना मी गेला पावसाळाभर चुकवत होतो. आठवडे बाजारात ते लांबून दिसले की मी कांद्याच्या पिशव्यांआड व्हायचो. उधार-उसनवारीचा मामला नव्हता. त्यांच्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगला डँपर बसवा असं मी सांगितलं होतं, त्यांनी ते ऐकलं होतं, आणि दीड वर्षांनी बांधावरच्या रस्त्याने पायी चालण्याच्या वेगात जाताना त्यांच्या टाय रॉडचा बॉल जॉइंट खोबणीतून निसटला होता. डावं चाक एकीकडे, उजवं दुसरीकडे. गाडी चारीत गेली. कुणाला खरचटलंही नाही. पण तीच जीप आदल्या दिवशी टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावला गेली होती, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचो. त्यामुळे माझा सल्ला लोक जरा जास्तच मानतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं.

माझी स्वतःची जीप विलीज घराण्यातली, डिझेल, तीस वर्षं पार केलेली. पुढचा अ‍ॅक्सल सरळ, अखंड. खाली कमानपाटे, चाकं किंगपिनवर वळणारी. एका ठेकेदाराकडून घेतली तेव्हा तिच्यावर ६.००-१६ चे अरुंद टायर होते आणि ती निमूट चालायची. मला ती रुबाबदार हवी होती. मी पंधराचे रुंद रिम आणि २३५/७५ चे टायर चढवले. टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून कमानपाट्यांना दोन इंचांनी लांब शॅकल घालून गाडी उचलली. पुढे जे झालं त्यात गाडी बनवणाऱ्यांचा काडीचाही दोष नाही. हे सगळं माझं कर्तृत्व.

पहिला झटका ओतूरहून मढकडे जाताना बसला. वेग पन्नास. एका मोरीवर रस्ता जरासा खचला होता, तिथे डावं चाक आपटलं, आणि पुढच्या क्षणी स्टिअरिंग कुणीतरी हातातून हिसकावून घ्यावं तसं डावी-उजवीकडे झोडपायला लागलं. बॉनेट हलतंय, आरशात काही दिसत नाही, दात वाजतायत. घट्ट धरलं तर मनगटं दुखावतात, सोडायची छाती होत नाही. वीस-पंचवीसपर्यंत वेग उतरला तेव्हा ते आपोआप थांबलं, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘सर, जीप म्हटल्यावर एवढं वॉबलिंग चालायचंच.’

मला मात्र कारण लगेच सुचलं. अनुनाद! झोक्याला ठरावीक तालात हात दिला की तो उंच जातो, पुलावरून जाताना सैनिक पावलांचा ताल मोडतात, ही उदाहरणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. चाक असंतुलित, त्याचे फेरे ठरावीक वेगाला अ‍ॅक्सलच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात, झालं. उपाय दोन : बॅलन्सिंग करा आणि कंपन शोषून घ्या. बॅलन्सिंग केल्यावर थरथर पन्नासऐवजी पंचावन्नला यायला लागली. मी खूश. मग डँपर आणला. शॉकअप असतो तसाच तेलाचा नळकांडा, एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं टाय रॉडला, जमिनीला समांतर. थरथर बंद! मग काय, घरी येईल त्याला मी तो नळकांडा वाकून दाखवायचो आणि त्यामागचं विज्ञान ऐकवायचो. चौघांनी तरी माझं ऐकून डँपर बसवले. ओतूरचे स्नेही त्यांतले एक.

दोन वर्षांत गाडी मला बरंच काही सांगत होती. माळशेज घाटात वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायचं थांबलं होतं. त्याआधी स्टिअरिंग ढिलं लागतं म्हणून मी बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू आवळला होता, त्यानेच ते जड झालं असावं अशी मी समजूत करून घेतली. ती निम्मीच खरी होती. टायरच्या कडेचे ठोकळे करवतीसारखे चढ-उतार खात झिजत होते. तेव्हा मी टायरला नावं ठेवली.

मग डँपरने तेल टाकलं. पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूने परत येताना थरथर पुन्हा अंगावर आली, आणि तीही चाळीसला. शेजारी बायको होती. गाडी कडेला घेतली, दोघंही बराच वेळ गप्प. मग तिने विचारलं, ‘अहो, हे आधी पन्नासला व्हायचं ना?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टायर तेच, बॅलन्सिंग महिनाभरापूर्वीचं. माझ्या सिद्धान्तात थरथर इतकी खाली यायला जागाच नव्हती.

त्या रात्री आणखी एक गोष्ट डोक्यात शिरली, जी मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. झोक्याला तालात हात द्यावा लागतो. मोरीवर तर एकच आपट बसली होती. पुढचा रस्ता गुळगुळीत. मग थरथर वाढवत कोण होतं? मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक ढकलताना वेड्यासारखं फडफडतं. त्याला कुणी तालात हलवत नाही, आपण नुसतं सरळ ढकलत असतो. सारंगीवर गज एकाच दिशेने सरकतो, तरी तार थरथरते. ताल बाहेरून येत नाही. सरळ गतीतली ऊर्जा घेऊन वस्तू स्वतःचा ताल स्वतः धरते. हा अनुनाद नव्हे, ही स्वयंप्रेरित कंपनं. चाकं किंगपिनभोवती डुलतात, त्याच वेळी अखंड अ‍ॅक्सल एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली होतो. फिरतं चाक असं कललं की भोवऱ्यासारखं वळायला बघतं, वळलं की पुन्हा कलतं. दोन्ही चाकं टाय रॉडने बांधलेली, म्हणून जोडीने नाचतात. जोड घट्ट असतील तर ही हालचाल जागीच विरते. कुठे मिलीमीटरभर प्ले असेल तर तिला घर मिळतं.

हे काही मी शोधलं नाही. १९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढचे ब्रेक आले तेव्हा हा रोग सगळीकडे पसरला होता. जॉर्ज ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ मध्ये त्यावर लिहिलं. रोगाचं ‘शिमी’ हे नाव त्या काळच्या एका अमेरिकन नाचावरून पडलेलं. १९३४ च्या सुमारास अमेरिकेतल्या अनेक मोटारींनी पुढचा अखंड अ‍ॅक्सल सोडून प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन दिलं, त्यामागे हेही एक कारण होतं. फुगीर टायर आणि अखंड अ‍ॅक्सल! शंभर वर्षांपूर्वीची जोडी मी हौसेने, पदरचे पैसे घालून, पुन्हा जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी निकामी डँपर काढून ठेवला, कारण तो असताना काही कळणारच नव्हतं. बायकोला सीटवर बसवलं. इंजिन बंद, चाकं जमिनीवरच. ‘इकडे चार बोटं, तिकडे चार बोटं, एवढंच हलव,’ असं सांगून मी खाली सरकलो आणि प्रत्येक जोडावर तळहात ठेवत गेलो. डोळ्यांना न दिसणारं तळव्याला कळतं. ड्रॅग लिंकचा एक टोकाचा जॉइंट आधी ‘टक’ करायचा, मग लिंक हलायची. टाय रॉडचा उजवा जॉइंट वर उचलला जात होता. शॅकलचे बुश आंब्याच्या सालीसारखे पिळवटलेले. मग पुढचं एकेक चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं. हलत होतं. इथे एक खुबी आहे : कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. हलणं थांबलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हललं तर किंगपिनचा. बायकोने ब्रेक दाबला. डावं चाक थांबलं नाही.

अर्ध्या तासाचं काम. हत्यार म्हणाल तर एक जॅक. एवढ्यासाठी मी दोन वर्षं आणि चौघांचे पैसे घालवले होते.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी किंगपिन उघडला तेव्हा खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरांनी बारीक खाचा पाडलेल्या दिसल्या. स्टिअरिंग सरळ असताना रोलर जिथे बसतात, नेमक्या तिथे. नवी बेअरिंग घातली. पत्र्यासारख्या पातळ शिम कमी-जास्त करत त्यांनी ताण जमवला. टाय रॉड सोडलेला, सील काढलेलं, आणि वळण्याच्या हाताला भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं. आमचा दोन-अडीच किलोवर सरकला. याआधी तो करंगळीने फिरत होता.

राहिलं वळण आपोआप सरळ न होणं. ते माझ्या लांब शॅकलचं पाप. या गाडीचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं; ते लांबवलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल नाक खाली घालतो आणि किंगपिनचा मागे असायला हवा तो कल, म्हणजे कॅस्टर, नाहीसा होतो. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो, तसलाच हा कल, मूळ गाडीत तीनच अंशांचा. तो परत आणायला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवतात. मिस्त्रींनी ती जाड बाजू मागे करून बसवली. मी त्यांना टोकलं नाही. आता मी शहाणपणा करायचा नाही असं ठरवलं होतं. गाडी बाहेर काढली तर नांगर सुटलेल्या बैलासारखी रस्ताभर हिंडायला लागली. परत येऊन आम्ही दोघांनी कागदावर चित्र काढलं. पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जातो, म्हणजे जाड बाजू पुढे हवी. मिस्त्री हसले. ‘सर, तुम्ही गप्प बसलात तिथेच मला शंका यायला पाहिजे होती.’ पाचर उलटवली, दोरी आणि टेपने टो-इन मोजून समोरचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलीमीटर कमी ठेवलं, बॉक्सचा स्क्रू पूर्वीसारखा सैल केला.

रुंद टायर मात्र अजून तसेच आहेत. चुकीची कबुली देणं एक, रुबाब सोडणं दुसरं. नवा डँपरही आणलाय, कारण दगडाधोंड्यांत चाक अडकलं की अंगठ्याला बसणारा फटका तो खरोखर कमी करतो. पण तीन महिने गाडी त्याच्याशिवाय चालवीन आणि मगच तो लावीन, असं ठरवून तो सीटमागे टाकला आहे.

त्या मोरीवरून आता साठने गेलो तरी ‘धप’ असा एक आवाज होतो आणि विषय संपतो. तिसऱ्यांदा खात्री करून घेतली तेव्हा गाडी वळवली नाही, तशीच ओतूरला नेली. स्नेही पडवीत कांदा निवडत बसले होते. त्यांच्या जीपला नवा टाय रॉड होता आणि त्यावर माझ्या सल्ल्याचा तो डँपर, पुसूनबिसून. उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं : माझं निदान चुकलं, ज्या ढिल्या जोडाने तुम्हाला चारीत घातलं त्याचा आवाज हाच नळकांडा दाबून ठेवत होता, आणि आणखीही काही ढिलं असेल.

त्यांनी ऐकून घेतलं, हात झटकले. आतून एक रिकामं पोतं आणून जीपखाली अंथरलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले.

‘सर, आता तुम्हीच आडवे व्हा,’ म्हणाले, ‘किती बोटं हलवायचं ते सांगा.’