अर्धा काळा बोल्ट

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर गवताची धावपट्टी होती. मी चौथीत असताना तिथं एक जुनं टायगर मॉथ विमान असायचं. वर-खाली दोन पंख, आतून लाकूड-लोखंडाचा सांगाडा अन् वरून ताणलेलं कापड. महायुद्धात वैमानिकांना शिकवायला वापरलेली ही विलायती जात. इंजिन 130 अश्वशक्तीचं, पण ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी खूर. नाक वर असल्यानं जमिनीवर चालवताना पायलटला समोरचं दिसायचं नाही, म्हणून ते नागमोडी न्यावं लागे. वारा असला की एक माणूस पंखाचं टोक धरून शेजारून चाले. तो माणूस म्हणजे आमचे आण्णा. एरवी ते तिथलं गवत कापायचे.

त्या दिवशी वारं जोरात होतं. आण्णांनी डावा पंख धरलेला. विमान वळायला लागलं अन् काडकन आवाज झाला. डावं चाक पोटाखाली दुमडलं, पंख भुईला टेकला, नाकावरच्या लाकडी पंख्याच्या ढलप्या उडाल्या. साहेब धडधाकट उतरले आणि आण्णांवर ओरडले, "तू ओढलंस म्हणून मोडलं!" आण्णा खाली बघत उभे राहिले.

कुंपणापाशी माझ्याबरोबर शाळेतली पोरं होती. मलाही वाटलं, आण्णांनीच मोडलं. त्या रात्री मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो नाही.

आठवड्यानं मिस्त्री आला. त्यानं चाकाच्या दांड्याचा तुटका बोल्ट काढून आण्णांच्या तळहातावर ठेवला. तुटल्या जागी अर्धा भाग गंजून काळा, अर्धा चकचकीत. चीर जुनीच होती. रोजच्या हादऱ्यानं आत सरकत गेली, त्या दिवशी उरलेला भाग तुटला. आण्णा म्हणाले, "बैलगाडीचा आस असाच जातो. लोक म्हणतात वळणावर मोडला. तो आधीच मोडत आलेला असतो."

आण्णांचं काम टिकलं. साहेबांनी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही, आणि आता आण्णा नाहीत.

गेल्या साली उसाची ट्रॉली बांधाच्या वळणावर बसली. ड्रायव्हर पोरावर माझा आवाज चढला होता. मग खाली वाकलो, चिखल पुसून तुटलेला आस बघितला. अर्धा काळाच होता. पोरगं अजून थरथरत होतं. त्याला म्हणालो, "चल बाबा, आधी चहा घे."