तांब्या, आडनाव आणि मळवलीची लोकल

"चळवळीची एवढी कामं पडलीत आणि तुम्ही डोंगर कसले हिंडताय रे?" वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला असं विचारलं तेव्हा आमच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि लोणावळा लोकल यायला दहा मिनिटं होती. काकांशी वाद घालायला दहा मिनिटं पुरत नाहीत हे वस्तीतलं लहान पोरही सांगेल. तेव्हा हसून निघालो. उत्तर आता देतो.

आम्ही सहा-सात जण. कुणी कंपनीत कंत्राटी, कुणी स्पर्धा परीक्षेच्या रांगेत, एक जण नर्सिंगला, आणि कधी कधी तिची आईही सोबत असते. गाडी कुणाकडे नाही, महागडे बूट कुणाकडे नाहीत. ट्रेकिंग म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर रंगीत सॅक, पाठीवर संस्थेचं नाव छापलेले टीशर्ट आणि घोषणा येतात. त्या घोषणांत आपली घोषणा नसते. आम्हीही एकदा पैसे भरून अशा एका ग्रुपबरोबर गेलो होतो. वाटेत लेणी लागली. म्होरक्या म्हणाला, "ही पांडवांनी एका रात्रीत कोरली." समोर स्तूप होता. स्तूपासमोर उभं राहून तो हे सांगत होता, आणि चाळीस माणसं मान डोलावत होती. त्या दिवसापासून आम्ही आमचे जातो. रविवारी, लोकलने नाहीतर एसटीने.

पुणे-लोणावळा लोकल ही आपल्या माणसांसाठी नुसती कामावर जायची गाडी नाही. या मार्गावर देहूरोड आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास दोन वर्षं आधी. पुढे तळेगाव, वडगाव, कामशेत आणि मग मळवली. मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. दोन्हीकडे पायी जाता येतं. भाज्याकडे जाताना एक्स्प्रेस-वेवरच्या पुलावरून जावं लागतं. खालून गाड्या सुसाट पळत असतात आणि वर आपण चालत असतो. नर्सिंगवालीच्या आईला ही जागा फार आवडते. ती तिथे दरवेळी थांबते आणि म्हणते, "एवढी घाई कशाची गं यांना?"

मुंबईच्या पोरांनी रुसू नये. कर्जतची लोकल पकडा, तिथून कोंदिवडे गाठा आणि कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत चाला. तिथे एका कोरलेल्या मस्तकाजवळ ब्राह्मीत लिहिलंय की कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं. म्हणजे काम करणाऱ्याने आपलं नाव दगडावर ठेवलंय. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, धेनुकाकटचा. राजांची नावं शाळेत पाठ करून घेतात. सुताराचं नाव वाचायला मात्र स्वतः चालत जावं लागतं.

दोन गोष्टी आधीच सांगतो. लोकल दुपारी बराच वेळ नसते, त्यामुळे तिकीट काढतानाच परतीच्या वेळा विचारून घ्या. आम्ही एकदा मळवलीच्या फलाटावर दोन तास शेंगा खात बसलोय. आणि पावसाळ्यात भाज्याच्या धबधब्यावर जत्रा भरते, पायऱ्या शेवाळतात. आम्ही दिवाळीनंतर जातो. एसटीने जाणार असाल तर २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. आयांना, बहिणींना घरी ठेवायला आता ते कारणही उरलेलं नाही.

भाजे २२ लेण्यांचा समूह आहे. त्यातलं चैत्यगृह साधारण बावीसशे वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत. पुढे १४ स्तूपांचा एक पुंजका आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. तिथे राहून गेलेल्या थेरांचे ते स्तूप. काहींवर नावं आहेत. पण आम्हाला जे गाठायचं असतं ते आणखी साधं आहे. दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हणतात. भाज्याच्या लेखात लिहिलंय की ही पोढी महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताचं देयधम्म, म्हणजे धम्मदान. विण्हुदत्त म्हणजे विष्णुदत्त हे कळल्यावर आमच्यातला एक जण चपापला. "हा आपला कसा?" चपापायचं कारण नाही. ज्याचं नाव विष्णूवरून, त्याने भिक्खूंसाठी पाणी कोरून दिलं. इतिहास आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला विचारून घडत नाही.

या टाक्यापाशी आम्ही इतका वेळ का बसतो, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

भाज्याला पहिल्यांदा गेलो त्याच्या आदल्या वर्षी आम्ही एसटीने एका किल्ल्याखालच्या गावात उतरलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. उतरताना उन्हाने जीव गेला, बाटल्या रिकाम्या. पहिल्याच घरी पाणी मागितलं. म्हातारीने हसत तांब्या आणला आणि द्यायच्या आधी विचारलं, "आडनाव काय म्हनायचं, बाबा?" आमच्यातला एक जण पुढे झाला आणि म्हणाला, "पाटील." तांब्या त्याच्या हातात आला. तो प्याला. आम्ही सगळे प्यालो. म्हातारीने वर गुळाचा खडा दिला. शेवटच्या एसटीत दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. खोटं बोलणाऱ्याला एकानेही दोष दिला नाही, कारण त्याच्या हातचं पाणी सगळ्यांनीच घेतलं होतं.

घरी येऊन 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा काढलं. सन १९३४. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना सहलीला जायचं होतं आणि बाबासाहेब त्यांच्याबरोबर निघाले. काका, हे नीट ऐका. सहल. सुमारे तीस जण. वेरूळची बौद्ध लेणी काहीही झालं तरी बघायची असं ठरलेलं. वाटेतल्या गावांत ओळख न देता जायचं, हेही ठरलेलं. दौलताबादला आपली माणसं चहा घेऊन उभी होती. यांना चहा हवाही होता, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा म्हणून थांबले नाहीत. डोंगर हिंडणाऱ्या कुणालाही ही घाई ओळखीची वाटेल. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचं टाकं होतं. प्रवासाच्या धुळीने माखलेली तोंडं आणि पाय काहींनी त्यातल्या पाण्याने धुतले, आणि टाकं बाटवलं म्हणून जमाव धावून आला. शेवटी किल्ला बघू दिला तो सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. धावून आलेले मुसलमान होते आणि बाबासाहेबांनी ते तसंच लिहून ठेवलं. कुणालाही सोयीची जाईल अशी ती गोष्ट नाही.

तेव्हा ओळख लपवण्याला कारण होतं. आम्ही कशासाठी लपवली? संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट होऊन सात दशकं उलटली, बाटली रिकामी झाली एवढ्यावर आम्ही पाटील झालो. मोर्चात जय भीम म्हणताना आवाज फुटतो, कारण बाजूला हजार माणसं असतात. अनोळखी गावात, तहानेने, एका म्हातारीसमोर तो फुटतो का, हे मोर्चात कळत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो, आणि तांब्यासमोर हरलो. आता काय ते म्हणा, काका.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. आडनाव विचारलं तर खरं सांगायचं, न विचारलं तरी निघताना जय भीम घालायचा. गेल्या हिवाळ्यात एका वाडीत खरं सांगितलं. बाई आत गेली ती आलीच नाही, मग शेजारच्या घरातली शाळकरी पोरगी कळशी घेऊन आली आणि आमच्या बाटल्या भरू लागली. आतून तिला हाक आली. तिने बाटली भरून होईपर्यंत ओ दिली नाही. दुसऱ्या एका गावात म्हातारे बाबा म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं, आपलीच बौद्धवाडी आहे ना वर," आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिसऱ्या ठिकाणी पाणी वरून ओंजळीत आलं. ते आम्ही घेतलं नाही. स्टेशनापर्यंत तहानलेले चाललो.

'पाटील' म्हणणारा आता सगळ्यांच्या पुढे असतो, आणि विचारायच्या आधीच सांगतो. जरा जास्तच मोठ्याने सांगतो, असं आमचं मत आहे.

काकांना आम्ही येत्या रविवारचं बोलावणं दिलंय. गुडघे दुखतात म्हणाले. भाज्याच्या पायऱ्या हळूहळू चढता येतात, आणि परतीच्या लोकलला बसायला जागा मिळते, असं सांगून ठेवलंय.