उभी चाल, आडवी चाल

मराठी मुलाला आकड्यांची पहिली ओळख होते ती उभ्या चालीने. अंकलिपीच्या पानावर एक ते दहा हे आकडे वरून खाली उतरतात आणि मग शेजारच्या रांगेत अकरापासून पुन्हा वरून आरंभ होतो. अक्षरे मात्र डावीकडून उजवीकडे चालतात. एकाच पुस्तकात या दोन चाली गुण्यागोविंदाने नांदतात आणि सहा वर्षांचे पोर कोणी न शिकवता दोन्ही ओळखते.

मयूर विहारातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही या दोन चाली शेजारी शेजारी राहतात. भिंतीवर ‘कालनिर्णय’ आहे. १९७३ पासून निघणारी ही दिनदर्शिका मराठी माणूस बदलीच्या गावी देव्हाऱ्याच्या निष्ठेने नेतो. तिच्यात वार डाव्या कडेला एकाखाली एक उभे असतात आणि तारखा वरून खाली जातात. आमच्या मोबाइलमध्ये वार माथ्यावर आडवे बसलेले आणि तारखा उजवीकडे धावणाऱ्या. सौभाग्यवती दुधाचा हिशेब भिंतीवर मांडतात, आम्ही रजेचा हिशेब मोबाइलवर. पण सोमवार कोणता याविषयी आमच्या घरात कधी दुमत झालेले नाही. तारखांची चाल बदलली तेव्हा वारांची पाटीही तिच्याबरोबर फिरली, हे त्याचे कारण.

पाटी फिरली नाही तर काय होते, ते आम्ही कचेरीत पाहिले. आमच्या शाखेत टपालाची आवक नोंदणाऱ्या बाईंनी सोमवारपुरता एक मदतनीस मागितला होता. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवारचा साठलेला ढीग सोमवारी त्यांच्याच टेबलावर कोसळतो आणि त्या दिवशी त्यांना घरी जायला दिवेलागण होते. मागणी आली, तेव्हा पुरावा हवा. चार आठवड्यांच्या वीस दिवसांचे वीस आकडे नोंदवहीतून एका उभ्या स्तंभात उतरवले गेले आणि एका उत्साही तरुण सहकाऱ्याने पायथन भाषेत एका आज्ञेसरशी त्यांचा नवा तक्ता केला: पाच ओळी, चार स्तंभ, ओळींना वारांची नावे, स्तंभांना आठवड्यांची. तक्ता देखणा होता. त्यावरून कोणत्याच वारी विशेष ढीग दिसत नव्हता!

बाईंनी तक्ता हातात घेतला, बोट फिरवले आणि आपल्या भाषेत एवढेच विचारले, “यात माझा सोमवार कुठे आहे?”

प्रश्न साधा होता, पण त्यात सारे मर्म होते. समजा, सोमवारी साठ पत्रे येतात आणि इतर दिवशी चाळीस. स्तंभातील आकडे वरून खाली, आठवड्यामागून आठवडा भरले, तर सोमवारच्या ओळीची बेरीज होते २४० आणि बाकी प्रत्येक वाराची १६०. ढीग लख्ख दिसतो. तेच आकडे आडवे भरले, तर पहिल्या ओळीत सोमवार ते गुरुवार बसतात; दुसरीत शुक्रवार आणि पुढच्या आठवड्याचे तीन दिवस. अशा रीतीने चार सोमवार चार निराळ्या ओळींत पांगतात. मग पहिल्या चारही ओळींची बेरीज १८० आणि पाचवीची १६०. एकूण बेरीज दोन्ही तक्त्यांत ८८०! एक आकडा खोटा नाही, एक गहाळ नाही. फक्त शेजारी बदलले आणि एका बाईचे कष्ट कागदावरून नाहीसे झाले.

या गोंधळाचे मूळ जुने आहे. संगणकाच्या स्मृतीत तक्ता असा नसतोच. तेथे असते एकच लांब रांग, २००९ पासून आमच्या मयूर विहारावरून जाणाऱ्या निळ्या मार्गिकेच्या गाडीसारखी, डब्यामागे डबा. त्या रांगेची घडी कशी घालायची, एवढाच काय तो संकेत. १९५७ साली आयबीएमने आणलेल्या फोरट्रान भाषेने ती घडी उभी घातली. पुढे बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या सी भाषेने आडवी घातली. मॅटलॅबचा पहिला अवतार फोरट्रानमध्ये लिहिला गेला, म्हणून तेथे आजही उभी चाल आहे. पायथनच्या नमपाय या साधनाने न सांगता पत्करलेली चाल मात्र सी भाषेची, म्हणजे आडवी. उपायही अवघड नाही. आज्ञेत फोरट्रानची चाल मागून घ्यावी. नाहीतर आधी चार ओळी आणि पाच स्तंभ करावे, मग तक्ता उलटून ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी कराव्यात. आमच्या तरुण मित्राने दुसरा मार्ग धरला आणि पाच मिनिटांत सोमवार एका ओळीत येऊन बसले. बाईंना मदतनीस मिळाला. पूर्ण दिवसाचा नव्हे, अर्ध्या दिवसाचा. सरकारी दातृत्वाची घडी आडवी की उभी, हे अद्याप कोणी ठरवलेले नाही.

वाचकहो, आपण सारे बेरजेवर विश्वास ठेवणारी माणसे. खालचा आकडा वरच्याशी जुळला की आपले लेखणीचे टोक आपोआप सहीच्या जागेकडे वळते. पण बेरीज एवढेच सांगते की काही सांडले नाही; जे आहे ते आपल्या जागी आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. आपण बदलीची माणसे तर हे विशेष जाणतो. पुण्याहून दिल्लीस आलेला कारकून ज्येष्ठतेच्या यादीत तोच असतो, वेतनही तेच; बदलतात ते शेजारी, आणि तेवढ्याने आयुष्याचा अर्थ बदलतो. म्हणून नवा तक्ता समोर आला की बेरीज जरूर पाहावी; पण सही करण्यापूर्वी ज्याच्या कामाचा तो तक्ता आहे त्याला जवळ बोलवावे आणि त्याचा एखादा ओळखीचा सोमवार बोटाने दाखवायला सांगावा.